अंगणातल्या कासवांसाठी पेट्या, बल्ब आणि जुन्या रजया हव्या आहेत

स. न. वि. वि.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आणि आसपासच्या मराठी मंडळींना आमच्या मुहल्ल्याच्या प्राणिमित्र मंडळाची ही विनंती. एरवी आम्ही तुमच्या दाराशी येतो ते कुत्र्यांच्या लसीसाठी, नाहीतर मांजात अडकलेल्या कबुतरांसाठी. यंदा काम जरा वेगळं आहे. आमच्या वहीत नोंद आहे त्याप्रमाणे 9 घरांच्या अंगणांत मिळून 11 कासवं आहेत. त्यांतल्या 5 जणांची रात्रीची सोय गेल्या वर्षी लागली. उरलेली 6 अजून जिन्याखाली, मोरीत किंवा कुंड्यांच्या मागे रात्र काढतात. पौष लागायच्या आत त्यांची सोय करायची आहे.

वर्गणी मागायला निघालो की पहिला प्रश्न येतो, "कासवाला कसली आलीय थंडी?" गेल्या आठवड्यात एका आजोबांनी तर आम्हाला ओसरीवर बसवून, पुढ्यात गजकची ताटली ठेवून खडसावलं. म्हणाले, "आमच्या वाड्यात विहिरीत कासव होतं, माझ्या वडिलांच्या मुंजीच्या आधीपासून. त्याला कुणी रजई पांघरली होती का?"

आजोबांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्यांच्याच विहिरीत आहे. ज्यांनी लहानपणी पहाटे विहिरीवर अंघोळ केली आहे त्यांना आठवत असेल, ऐन थंडीत पोहऱ्यातून वर आलेलं पाणी कोमट लागायचं, त्यावर वाफ दिसायची. खोल जमिनीत उन्हाळा-हिवाळा पोचत नाही. तिथलं पाणी बाराही महिने जवळपास सारखंच राहतं. शिवाय ते कासव इथलंच, आपल्या तळ्या-नद्यांतलं. थंडी वाढली की गाळात शिरून हालचाल बंद ठेवणं त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आपल्या चंबळेतल्या साल आणि ढोंड कासवांचे हाल दुसऱ्या कारणांनी होत असतील, पण थंडीसाठी त्यांना आपल्या पेटीची गरज नाही.

अंगणात आज जी कासवं आहेत ती या कुळातली नाहीत. ती सल्काटा. त्यांचं मूळ घर आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिण कडेला, सेनेगलपासून सुदानच्या पलीकडे पसरलेल्या कोरड्या पट्ट्यात. ती पाण्यात राहत नाहीत आणि शीतनिद्राही घेत नाहीत. मायदेशी ऊन किंवा गारठा फार झाला तर ही कासवं पुढच्या पायांनी जमिनीत लांबच लांब बीळ खणतात आणि आत जाऊन बसतात. म्हणजे विहिरीचं काम त्यांचं बीळ करतं. आता आपल्या वाड्यात त्यानं बीळ खणायचं कुठे? सगळीकडे फरशी. मे महिन्यात हीच फरशी अनवाणी चालू देत नाही, आणि जानेवारीत पहाटे चार वाजता तिच्यावर पाय ठेवून बघा. आपण चप्पल घालतो. कासव पोटावर बसतं आणि त्याची ऊब रात्रभर दगडात जाते.

तरी माणसं ती घेतात. दुकानात पिल्लू तळहातावर मावतं, किंमत परवडते, वर कुणीतरी सांगतं की घरात कासव असणं शुभ. शुभ-अशुभाचं आम्हाला कळत नाही. एवढं कळतं की आठ-दहा वर्षांत त्याचं वजन 25-30 किलोच्या घरात जातं, पुढे 40-50 किलोपर्यंतही, आणि आयुष्य 70 वर्षांच्या वर असू शकतं. घेताना हे कुणी सांगत नाही.

ग्वाल्हेरचा जानेवारी नवा कुणालाच नाही. रात्री पारा 5 अंशांच्या खाली सहज जातो. धुकं धरलं की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही आणि दुपारीही 15 अंशांपुढे काही सरकत नाही. कासवाला सगळ्यात वाईट हे धुकंच. कोरडी थंडी मोठं सल्काटा काही काळ सोसतं. ओली थंडी त्याला आतून आजारी पाडते. त्याच्या अंगात आपल्यासारखी भट्टी नाही. हवा जितकी, अंग साधारण तितकंच. अंग गार पडलं की पचन थांबतं, आणि संध्याकाळी प्रेमानं खाऊ घातलेली मेथीची जुडी पोटात तशीच राहून कुजायला लागते. सर्दी झाली तर त्याला खोकताही येत नाही, कारण आपल्यासारखा श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा स्नायूंचा पडदा, त्याला नसतो. छातीत साचलेलं बाहेर टाकायचा मार्गच नाही. मग सर्दीचा न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. गेल्या जानेवारीत मंडळाच्या खोलीत ढब्बू होता. त्याच्या मालकांची बदली झाली होती, नव्या गावी घर मिळेपर्यंत त्याला आमच्याकडे ठेवलं होतं. वजन 14 किलो 200 ग्रॅम. पेटी होती, बल्ब होता, ठरावीक उबेला तो आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅटही होता. एका संध्याकाळी हिशेब लिहीत बसलो असताना मोबाइल संपत आला, म्हणून भिंतीवरचा एक प्लग काढून मी चार्जर लावला. निघताना मोबाइल घेतला आणि कुलूप लावलं. प्लग परत लावला नाही. ती रात्र धुक्याची होती.

सकाळी पेटी उघडली तर ढब्बू मान बाहेर टाकून पडला होता. एका नाकपुडीच्या टोकाशी छोटासा बुडबुडा होता, साबणाच्या फेसासारखा. श्वास घेतला की बसायचा, सोडला की फुगायचा. कवचावर हात ठेवला तर पाट्यावर ठेवल्यासारखं वाटलं. घाबरून गरम पाण्यात ठेवायला निघालो होतो. डॉक्टरांनी फोनवरच थांबवलं, कारण इतकं गार पडलेलं जनावर एकदम तापवलं तर धक्क्यानं जातं. आधी खोलीच्या हवेत, मग हळूहळू बल्बखाली, तास-दोन तास लावून वर आणायचं. त्यानंतर तीन आठवडे पुढच्या पायात इंजेक्शनं. तेही अंग ऊबदार असेल तरच लागू पडतं, गार अंगात औषध नुसतं पडून राहतं. एकविसाव्या दिवशी त्यानं जास्वंदीचं पान तोडलं. वजन भरलं 12 किलो 900.

आता त्या प्लगवर आम्ही लाल रंगानं "ढब्बू" लिहून चिकटपट्टी मारली आहे. तुमच्याही घरी तसं करा, हसू आलं तरी.

आम्हाला हवी आहे ती पेटी अशी. जाड प्लायची, जनावराला आत वळता येईल एवढी. चारही भिंतींना, छताला आणि तळाला दोन इंची थर्मोकोल, पण ते दोन प्लायच्या मध्ये. उघडं ठेवलं तर कासव कुरतडून खातं. जमिनीपासून विटांवर उचललेली. दाराला जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, शीतगृहाच्या दाराला असतो तसा, म्हणजे कासव आपलं आपण आत-बाहेर करतं. वरून 100 वॅटचा सिरॅमिक बल्ब. हा उजेड देत नाही, फक्त ऊब देतो, त्यामुळे रात्रीची रात्र राहते. त्याला चिनी मातीचाच होल्डर लागतो, साधा प्लॅस्टिकचा वितळतो. आणि थर्मोस्टॅट, अंडी उबवायच्या मशीनला लावतात तोच. काटा 24-25 अंशांवर ठेवायचा. बल्ब तारेवर लोंबकळता ठेवायचा नाही, साखळीनं पक्का बांधून त्याभोवती जाळी. 14 किलोचं जनावर धडक देतं तेव्हा काय काय पडतं ते आम्ही पाहिलं आहे.

विजेची धास्ती बऱ्याच घरी आहे. 100 वॅटचा बल्ब सलग दहा तास चालला तर एक युनिट होतं, आणि थर्मोस्टॅट मध्येमध्ये बंद करतो म्हणून त्याहून कमीच. लाइट गेली तर 150 एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर, बॅटरी चांगली असेल आणि दुसरं काही चालू नसेल तर, एवढा एक बल्ब रात्र काढतो.

एका पेटीला सुतारासकट सुमारे 7,500 रुपये पडतात. 6 पेट्यांचे 45,000. मंडळाच्या गल्ल्यात गणपतीनंतर उरलेले 11,000 आहेत. म्हणजे 34,000 कमी पडतात. ज्यांना जमेल त्यांनी अख्खी पेटी द्यावी, पण 50 रुपयेही आम्हाला तितकेच मोलाचे, आणि पावती त्याचीही मिळेल. भगिनी मंडळाला एक वेगळी विनंती: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दर वर्षी प्लॅस्टिकच्या डब्या लुटतो. घरोघरी त्या डब्यांची चळत झाली आहे, खरं सांगा. यंदा एका घराचं वाण या कामाला मिळालं तरी एका पेटीचे बल्ब आणि थर्मोस्टॅट येतात.

पैशांखेरीज वस्तूही चालतील. प्लायचे तुकडे (दोन फुटांपेक्षा लहान नकोत), फ्रिजच्या खोक्यातलं जाड थर्मोकोल, ताडपत्री, विटा. जुन्या रजया पेटीच्या वरून घालायला हव्या आहेत, आत नव्हे. धुक्यात रजई ओली झाली की तीच गारठ्याचं घर होते, म्हणून वर ताडपत्री. आणि सगळ्यांत जास्त हवा आहे एक इलेक्ट्रिशियन, जो दोन रविवार देईल. वायरिंग आमच्या हौशी मुलांवर सोडायची आमची हिंमत नाही. पेटीत गवत असतं आणि वाड्यांत उंदीर.

पेटी पोचेपर्यंत ज्यांच्या घरी कासव आहे त्यांनी एवढं करा. दिवस मावळायच्या आत त्याला उचलून घरात घ्या, गोणपाटावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवा, नुसत्या फरशीवर नको. तो आपणहून आत येईल याची वाट बघू नका. गार पडला की त्याला चालायचंही सुचत नाही. खायला सकाळी अकरानंतर, उन्हात अंग तापल्यावर. संध्याकाळी काही नको. ऊन काचेतून नको, उघडं हवं. आठवड्यातून दोनदा भर दुपारी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, पाणी हनुवटीच्या खाली, आणि पुसून कोरडं करूनच आत न्या. दर रविवारी तराजूवर ठेवा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, छातीत घरघर यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. कासवासाठीही नको, तुमच्यासाठीही नको. खालून तापणारी गादी किंवा गरम पाण्याची पिशवी पोटाखाली सरकवू नका. पोट भाजतंय हे त्याला नीट कळत नाही, तो तिथेच बसून राहतो. ऊब वरून येऊ द्या, सूर्याची येते तशी.

कायद्याचंही एकदा सांगून टाकतो, कारण फोन येतात. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव आणि आपल्याकडची पाण्यातली देशी कासवं पाळता येत नाहीत. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ती संरक्षित आहेत. कुणाकडे असतील तर पेटी मागू नका, वनविभागाकडे सोपवा; बरोबर कुणी हवं असेल तर आम्ही येतो. सल्काटा परदेशी आहे, पण त्याचीही नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ज्यांची राहिली आहे त्यांना फॉर्म भरायला मंडळातली मुलं मदत करतील. कंटाळा आला म्हणून कुठलंही कासव तिघऱ्याच्या तलावात सोडू नका. सल्काटाला पोहता येत नाही, ते बुडतं. लाल कानाचं परदेशी पाणकासव (रेड-इअर्ड स्लायडर) पोहतं आणि इथल्या कासवांच्या तोंडचं खातं.

देणगी आणि सामान रोज संध्याकाळी 6 ते 8 या वेळात, जिथे आपला गणपती बसतो त्याच्या शेजारच्या खोलीत स्वीकारलं जाईल. पेट्या कुठल्या घरी गेल्या, किती खर्च झाला, सगळं दारावरच्या फळ्यावर लिहिलेलं असेल. मुलांना घेऊन या. ढब्बू आता मालकांकडे परत गेला, पण त्याच्याच आकाराची एक मादी सध्या खोलीत आहे आणि दुपारी दोनच्या सुमाराला ती दाराच्या उंबऱ्यावर चढायचा प्रयत्न करते. अजून जमलेलं नाही.

ता. क. रजया देताना उसवून, झटकून, तपासून द्या. गेल्या वर्षी एका हिरव्या खोळीच्या रजईत 500 ची नोट आणि एक चांदीचं जोडवं निघालं. दोन्ही मंडळाच्या पेटीत जपून ठेवलं आहे. जोडव्याची नक्षी सांगेल त्यांनी घेऊन जावं.

आपला,
कार्यवाह