पुसलेला पासवर्ड मेमरीत तसाच राहतो, याकडेही बघा

संपादक साहेब, नमस्कार,

पासवर्ड मजबूत ठेवा, ओटीपी कुणाला सांगू नका असं लोकांना सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना कोण सांगणार? मी बरीच वर्षं सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करतो. एन्क्रिप्शनचं, म्हणजे माहिती कुलूपबंद करायचं काम झालं की सिक्रेट की, म्हणजे त्या कुलपाची गुप्त किल्ली, मेमरीतून पुसायची, त्यासाठी सगळे मेमसेट हे सी मधलं फंक्शन वापरून तिथे शून्य भरतात, मीपण तेच करायचो. आता गंमत नाही, खरंच काळजीची गोष्ट आहे, कंपायलर, म्हणजे आमच्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर, बघतो की शून्य भरल्यावर ती जागा पुढे कुणी वाचतच नाही, मग भरायची कशाला, म्हणून तो ती ओळच उडवून टाकतो, आणि भाषेच्या नियमाप्रमाणे त्याचं काही चुकतही नाही! डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चाचणीच्या प्रतीत, सगळं छान दिसतं, रिलीज बिल्डचा, म्हणजे लोकांना द्यायच्या प्रतीचा, मेमरी डंप (मेमरीची जशीच्या तशी नक्कल) काढला तर सिक्रेट की तिथेच. मी स्वतः बघितलंय, त्या रात्री झोप लागली नाही.

आणि मेमरीत पडलं तर पडू दे असं म्हणून चालत नाही. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली २०१४ ची हार्टब्लीड ही चूक आठवा, एकेका रिक्वेस्टला सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबी पर्यंतचा तुकडा बाहेर यायचा, त्यात काय असेल ते नशीब. प्रोग्राम क्रॅश झाला की डंप फाईल, रॅम कमी पडली की स्वॅप (मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवणं), म्हणजे सिक्रेट की थेट डिस्कवर.

उपाय आहेत. कंपायलर उडवणार नाही अशी पुसायची फंक्शन्स मिळतात: एक्सप्लिसिट बीझीरो ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये २०१४ पासून आहे, जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीमध्ये २०१७ ला आलं, विंडोजवर सिक्युअर झीरो मेमरी आहे, सी२३ या सी भाषेच्या नव्या स्टँडर्डमध्ये तर मेमसेट एक्सप्लिसिट घेतलंच आहे. तरी रीअलॉक या फंक्शनने बफर, म्हणजे की ठेवलेली मेमरीतली जागा, वाढवताना दुसरीकडे हलवला की जुनी कॉपी मागे राहू शकते, आणि जावा या भाषेत पासवर्ड स्ट्रिंगमध्ये (एकदा बनवला की बदलता न येणारा मजकूर) ठेवला तर तो हाताने पुसताच येत नाही, कॅरेक्टर ॲरे, म्हणजे एकेक अक्षर बदलता येणारी यादी, घ्यावा लागतो, हे शिकवताना कुणी बोलत नाही याचा मला राग येतो.

माझी विनंती एवढीच की तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर हे एकदा नीट छापा, आणि जे कोणी एन्क्रिप्शनचा कोड लिहितात त्यांनी सोर्स बघून समाधान मानू नका, रिलीज बायनरीचं (तयार प्रोग्रामचं) डिसअसेम्ब्ली, म्हणजे त्यातल्या मशीनच्या सूचना वाचता येतील अशा रूपात, उघडून पुसायची ओळ तिथे आहे का ते बघा.

आपला एक वाचक