डंगरी आमच्या डोंगरीची

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या कपड्यांवर लेख होता. त्यात ‘डंगरी ही मूळची पाश्चात्त्य फॅशन’ असे वाचले आणि नातीपुढेच मी चष्मा काढून ठेवला.

मी लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, बारा वर्षे काढली. १९८२च्या संपात बाहेर पडलो तो कायमचाच. आमचे फिटर डंगरी घालून यायचे, तेलाने काळी कुळकुळीत झालेली. साहेबाचाच शब्द, असे तेव्हा आम्हीही समजायचो. पण तो आहे सँडहर्स्ट रोड स्टेशनाजवळच्या आपल्या डोंगरीचा! तिथे जाडेभरडे, स्वस्त सुती कापड मिळायचे. गावाचेच नाव त्या कापडाला पडले आणि साहेबाने ते उचलले. त्याची शिडे झाली, तंबू झाले, पुढे खलाशांच्या विजारी झाल्या आणि मग विजारीलाच ते नाव चिकटले.

कापडवाल्यांची ही जुनी खोड. कालिकतचे ते कॅलिको, फ्रान्सच्या नीम गावावरून डेनिम, इटलीतल्या जेनोवावरून जीन. आपल्या बांधणीचा बंडाना झाला. (मुंगसाचे इंग्रजी नावही मराठीतूनच गेले आहे, पण ते कापडात बसत नाही.)

खरी गंमत चिटाची, म्हणजे नक्षी छापलेल्या सुती कापडाची. माझी आई चिटाचे परकर शिवायची. साहेबाने तो शब्द ‘चिंट’ म्हणून उचलला, एकाहून जास्त तागे आले की शेवटी ‘स’ लावू लागला. कालांतराने त्या अनेकवचनालाच लोक एकवचन समजले आणि झाले ‘चिंट्झ’. आपला कंडक्टर ‘एक लेडीज मागे राहिली’ म्हणतो, तेव्हा हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

इंग्रजी शब्द वापरू नका, असे माझे म्हणणे नाही. गिरणीत आम्ही बॉबिन, जॉबर, मस्टर हेच बोलत होतो. पण आपल्याच गल्लीतला माल परका म्हणून छापू नये.

पुढच्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती यावी, ही विनंती. लेख मी नातीला मोठ्याने वाचून दाखवला होता, आता ती रोज विचारते, पेपरवाल्यांनी चूक कबूल केली का?

आपला,
एक निवृत्त गिरणी कामगार,
लालबाग, मुंबई