वाफसा येईपर्यंत थांबायला शिकवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही शेजार सोडून गेलात त्याला वर्ष होत आलं. निरोपाच्या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. ते आज मानते, आणि चारचौघांत मानते. चिकण माती पदरी पडलेली माझ्यासारखी माणसं पुष्कळ असतील; तुम्ही मला दिलेलं त्यांच्याही कानावर पडावं असं फार वाटतं.

आमच्या घरामागची जमीन तुम्ही पाहिली आहे. पाऊस पडला की चपलांना लगदा चिकटायचा, ऊन पडलं की बोट जाईल एवढ्या भेगा. पहिल्या वर्षी लावलेलं लिंबाचं रोप चार महिन्यांत पिवळं पडून गेलं. मी माझ्या परीने सगळं नीट केलं होतं. दोन फूट खोल खड्डा, त्यात विकत आणलेली भुसभुशीत माती, भरपूर कंपोस्ट. रडवेली होऊन ते रोप उपटत होते, तेव्हा कुंपणापलीकडून तुमचा आवाज आला, "थांब, मी येते."

रोपाकडे तुम्ही पाहिलंच नाहीत. गुडघे टेकून सरळ खड्ड्यात हात घातलात. चार दिवस पाऊस नव्हता, तरी तळाशी पाणी होतं. मुळं काळी पडलेली, बोटांत धरली की साल सुटून हातात यायची, आणि नासलेल्या पाण्याचा वास. मग तुम्ही माझं बोट धरून खड्ड्याच्या भिंतीवरून फिरवलंत. ओल्या मातीत कुदळ चालवल्यामुळे ती लिंपल्यासारखी गुळगुळीत झाली होती. "अगं, तू तर हौद बांधलास," तुम्ही म्हणालात. "आतली माती पाणी पटकन घेते, बाहेरची पुढे जाऊ देत नाही. मुळांनी श्वास कुठे घ्यायचा?"

रागावला नाहीत. घरी जाऊन काचेची बरणी घेऊन आलात. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. झाकण लावून खळाखळा हलवलीत आणि खिडकीत ठेवायला सांगितलीत. वाळू मिनिटभरात तळाला गेली. गाळाचा थर संध्याकाळपर्यंत बसला. वरचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच होतं. 0.002 मिलिमीटरपेक्षाही बारीक कण, ते सावकाशच बसणार. अखेर थर मोजले तर निम्म्याहून जास्त चिकणमाती. मी खचले. तुम्ही म्हणालात, "माती श्रीमंत आहे गं, फक्त तिची मूठ घट्ट आहे." पाणी आणि झाडाची अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद या बारीक कणांमध्येच सगळ्यांत जास्त असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तोवर मी त्या मातीला शत्रूच मानत होते.

त्यानंतर मी वाळू टाकायला निघाले होते, तुम्ही हात धरलात. थोडीशी वाळू मिसळली तर चिकणमाती तिच्या फटींत जाऊन बसते आणि वाळल्यावर विटेसारखा दगड होतो. फरक पडायचा तर निम्मी जमीन वाळूची करावी लागेल. जिप्समचंही तसंच. ते सोडियम साचलेल्या चोपण जमिनीचं औषध; आपल्या जमिनीला तो आजारच नव्हता. ही दोन वाक्यं तुम्ही बोलला नसतात, तर माझी आणखी दोन वर्षं त्यात गेली असती.

पण ज्यासाठी तुमचे सगळ्यांत जास्त आभार मानायचे आहेत, तो एकच शब्द आहे. वाफसा. शब्द मी ऐकला होता, पण त्याचा अर्थ कधी हातात आला नव्हता. एका सुट्टीच्या दिवशी मी टिकाव घेऊन उतरले आणि तुम्ही मूठभर माती उचलून तिचा गोळा वळलात. अंगठ्याने दाबलात तर तो नुसता चपटा झाला. "आज नाही." दोन दिवसांनी पुन्हा चपटा. पाचव्या दिवशी अंगठा लागताच गोळा फुटून भुगा झाला, तेव्हा म्हणालात, "आता उतर. ओल आहे, हवा पण आहे." चिकणमातीत हे मोजके दिवसच मिळतात. त्याआधी खणलं तर ढेकळं होतात, आणि ती उन्हात भाजली की कुदळीलाही दाद देत नाहीत. नंतर उशीर झाला तर जमीनच फुटत नाही. सुट्टी माझ्या सोयीने येते, वाफसा मातीच्या, हे मान्य करायला मला फार वेळ लागला. तुम्ही दर वेळी तितक्याच शांतपणे गोळा वळत राहिलात.

बाकीचं सगळं त्या मानाने सोपं होतं. जमिनीच्या वर गादीवाफे केले, दोन्ही बाजूंनी हात पोहोचेल एवढे रुंद, म्हणजे त्यावर पाय द्यायची वेळच येऊ नये. पहिल्या हंगामात काही लावू दिलं नाहीत, ताग पेरायला लावलात आणि फुलं यायच्या सुमारास कापून मातीत मिसळायला सांगितलंत. तो कापताना मला खरंच वाईट वाटलं होतं. मग दरवर्षी चार बोटं कंपोस्ट, तेही वरच पसरायचं. "खाली न्यायचं काम गांडुळांचं." त्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन. एकदा मी लाकडाचा ताजा भुसा मातीत खणून मिसळला आणि झेंडू पिवळा पडला, तेव्हा तुम्ही समजावलंत की भुसा कुजवणारे जीव मातीतला नत्र आधी स्वतः खातात. वर पसरला असता तर चाललं असतं. आता तसंच करते.

नवं लिंबू मी खड्ड्यात लावलं नाही. इथल्याच मातीचा उंचवटा करून त्यावर लावलं, तुम्ही सांगितलं होतं तसं. पानं गडद हिरवी आहेत. या वेळी पहिल्यांदाच फुलं आली.

गेल्या आठवड्यात वाफसा होता. आच्छादन बाजूला केलं आणि खुरपं न घेता हात घातला. मनगटापर्यंत गेला. वर काढलेल्या मुठीत तीन गांडुळं होती. मला राहवलं नाही, त्याच मातीने तुमची ती बरणी भरली, हलवली आणि खिडकीत ठेवली. दोन दिवसांनी थर मोजले. चिकणमाती पूर्वीइतकीच आहे, काकू. कण तेच आहेत, फक्त आता त्यांचे बारीक रवे झालेत आणि रव्यांमधून हवा खेळते. हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, मला ते डोळ्यांनी दिसायला एवढी वर्षं लागली.

बरणी अजून माझ्याकडेच आहे. ती न्यायला या. लिंबाखाली बसायला जागा केली आहे.

तुमची,
कुंपणाअलीकडची