कोर्लईचा किल्ला दीपगृहाच्या पुढेही आहे

महोदय,

अलिबाग-मुरूड रस्त्याने जाणारे बरेच पर्यटक कोर्लईच्या दीपगृहापाशी छायाचित्रे काढून माघारी फिरतात. वर चढून गेल्यावर मात्र कुंडलिकेच्या मुखाशी, समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या डोंगराच्या माथ्यावर किल्ला बांधण्याचे प्रयोजन लगेच ध्यानात येते. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये तो निजामशाहीकडून जिंकला आणि समोरच्या रेवदंड्यासह चौल बंदराच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी पहारा बसवला. १७४० मध्ये तो मराठ्यांच्या ताब्यात आला. आडव्या तटांनी पाडलेले त्याचे टप्पे, एकामागून एक येणारे दरवाजे, छप्पर गेलेले चर्च आणि पोर्तुगीज शिलालेख आजही पाहता येतात. पण तटांत रुजलेली झाडे वेळीच काढली नाहीत, तर दगड निखळणे अटळ आहे. पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीज व मराठीच्या संगमातून घडलेली बोली बोलतो, आणि माझ्या मते ती या तटांहून अधिक दुर्मीळ आहे. संबंधित खात्याने झाडोरा काढण्याबरोबरच गावातील तरुणांना वाटाड्याचे प्रशिक्षण द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, अलिबाग