गच्चीच्या बल्बला तेलाच्या डब्याची टोपी घालणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलायला वापरता हे मला माहिती आहे, पण तुमची नात दिवसभर मोबाईलमध्येच डोकं घालून असते हे तुम्हीच सांगायचात ना, तर तिला म्हणावं आजोबांना हे मोठ्यानं वाचून दाखव. बाकी लोकांनी पण वाचलं तर वाचू द्या, म्हणूनच सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्या बिल्डिंगमधले पण बरेच जण आहेत इथं, त्यांनी तर वाचावंच.

तर पहिली बातमी ही की शेवंती फुलली. पिवळ्या चार कुंड्या आणि पांढऱ्या दोन. तुळशीच्या लग्नाला घरच्या फुलांचा हार झाला, वर शेजारच्या काकूंना पण ओंजळभर दिली. एका कुंडीतली फुलं मोजायला बसले तर चाळीसच्या पुढं कंटाळून सोडून दिलं. आणि जिन्याच्या दाराजवळची ती मोठी सिमेंटची कुंडी, जी तुम्हाला मला मिळून पण हलली नाही, ती अजून नुसती हिरवीगार. एक कळी नाही. माती तीच, खत तेच, पाणी तेच, फरक फक्त उजेडाचा. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं मामा.

बाकीच्यांना काही कळणार नाही म्हणून जरा मागनं सांगते. मामा म्हणजे आमच्या बिल्डिंगचे आधीचे वॉचमन.

आम्ही लातूरचे, ज्यांनी इथं २०१६ चा उन्हाळा काढलाय त्यांना पाण्याचं वेगळं काही सांगायची गरज नाही. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, १२ एप्रिलला पहिली गाडी, दहा वॅगन, पाच लाख लिटर, देशभर बातमी झाली होती. आमच्या घरी तेव्हा आई भांडी विसळलेलं पाणी बादलीत धरायची, त्यात फडकी धुवायची आणि तेच पाणी मग संडासात. अंगणातली जास्वंद त्या वर्षी डोळ्यादेखत वाळली, कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून झाडाला तांब्याभर पाणी घालताना माझा हात आखडतोच, आता टाकी भरलेली असली तरी. त्यामुळं दोन वर्षांपूर्वी ह्या फ्लॅटमध्ये आल्यावर गच्चीवर कुंड्या ठेवल्या तेव्हा मी फार हुशारी केली, आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून ते झाडांना घालायला लागले. किती अभिमान होता मला त्याचा! ग्रुपवर फोटोसुद्धा टाकलेला.

तुम्ही तेव्हा नवीनच लागला होतात आमच्याकडं वॉचमन म्हणून. रात्री एक चक्कर गच्चीवर मारायचात, टाकीचा कॉक बघायला. एकदा सकाळी मी वर आले तर तुम्ही एका कुंडीशी उकिडवे बसून मातीवरचा पांढरा थर नखानं खरवडत होतात. म्हणालात, "ताई, हे मीठ हाय. जिमीन खारवती तशी कुंडी खारवलीय तुमची." गुलाबाच्या पानांच्या कडा करपल्यात त्या उन्हानं, असं मी समजत होते. बोरचं पाणी आधीच जड, आरओनं त्यातला सगळा क्षार त्या फेकायच्या पाण्यात गोळा केलेला, आणि तेच मी रोज प्रेमानं घालत होते. तुम्ही सांगितलं की पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर राहू द्या, चार मोठे पाऊस वरनं खाली निथळून गेले की मीठ धुऊन जाईल, आणि नंतर डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घाला. एवढंच. ना औषध, ना खर्च.

मातीचं पण तसंच. काळी माती म्हणजे सोनं म्हणून मी माहेरच्या वावरातून पोती भरून आणली होती, भावानं शिव्या घातल्या तरी. ती कुंडीत दगड झाली. पाणी घातलं की फुगायची, वाळली की कुंडीच्या कडेनं बोटभर भेग पडायची आणि पुढचं पाणी त्या भेगेतून सरळ खाली, मधली मुळं कोरडीच्या कोरडी. "वावरात सोनं हाय ताई, कुंडीत न्हाई," असं म्हणून तुम्ही समोरच्या बांधकामावरनं विटांचे तुकडे आणून बारीक केले, शेणखत मिसळलं आणि मला वापसा शिकवला. लहानपणी घरात हजार वेळा ऐकलेला शब्द, वडील पेरणीच्या आधी रोज म्हणायचे, वापसा आला का बघून येतो. तो कुंडीला पण असतो हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बोट घालून बघायचं, चिखल लागला तर थांबायचं, दमट लागून माती सुटी झाली तर मग पुढचं काम. निम्म्या झाडांना मी नुसतं जास्त पाणी घालून चिबडवून मारलं होतं, हे तेव्हा कळलं. पाण्याला जपणारी बाई आणि झाडं मारली पाणी घालून.

आता शेवंती. गेल्या वर्षी तिला पाला असा आला की बघत राहावं, पण दिवाळी गेली, येळवस (वेळ अमावस्या) गेली, संक्रांत आली, कळी नाही. नर्सरीवाल्यानं एक पावडर दिली, ऑनलाईन दुसरी मागवली, दोन्ही घातल्या, पाला अजून वाढला. यंदा गौरी-गणपतीच्या दिवसांत मी तुमच्यापुढं रडगाणं गायले तर तुम्ही झाडाकडं बघितलंच नाही, वर बघितलं, जिन्याच्या दारावरच्या बल्बकडं. गेल्या वर्षी गच्चीवरच्या पितळी तोट्या चोरीला गेल्यापासून तो एलईडी सोसायटीनं रात्रभर चालू ठेवायचा ठराव केलेला, आणि उजेड असा की खाली पडलेली सुई दिसावी. तुम्ही म्हणालात, "आवं हिला रातच कुठंय? सदान्‌कदा उजेड. झोपंल कवा आन् कळी धरंल कवा?"

मला खरं तर हसू आलेलं, आता सांगते. मग तुम्ही तुमच्या अर्ध्या एकराच्या फुलांचं सांगितलंत, की रोडच्या कडेला लाईटचा पोल होता आणि त्याच्या खालच्या दोन सऱ्या दरसाल मागं राहायच्या, बाकीच्या शेवंतीचे दिवाळीचे पैसे खिशात आले तरी त्या दोन सऱ्या हिरव्याच. ते तुम्ही कुठं वाचलेलं नाही, त्या दोन सऱ्यांचं नुकसान सोसून शिकलात. मी नंतर घरी जाऊन वाचलं तर खरंच की, शेवंती रात्र मोजते. अंधार सलग आणि पुरेसा लांब मिळाला की तिला कळतं दिवस लहान व्हायला लागले, मग पानं थांबवून कळ्या धरते. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र सारखी होतात आणि तिथून पुढं रात्र वाढत जाते, ते आपल्याला कॅलेंडरवर पण दिसत नाही पण ह्या झाडाला बरोबर समजतं. मधेच उजेड पडला की त्याचा हिशोब मोडतो. मोठमोठे फूलशेतीवाले तर मुद्दाम रात्री बल्ब लावून तिची कळी थांबवतात, दांडा लांब होऊ देतात आणि बाजाराची तारीख बघून दिवे बंद करतात म्हणे. ते जे पैसे देऊन करतात ते मी फुकटात, नकळत करत होते.

बल्ब बंद करायला सेक्रेटरी तयार नाहीत. शेवंतीसाठी चोर बोलवायचे का, असं विचारलं मला मीटिंगमध्ये, सगळे हसले. (जे हसले त्यांच्याच घरी परवा फुलं गेली, असो.) मग तुम्ही कुठून तरी पंधरा लिटरचा तेलाचा डबा आणला, कापला, घासून पुसून त्याची टोपी केली आणि बल्बावर तारेनं अशी बसवली की उजेड फक्त दारात पडतो, कुंड्यांकडं अंधार. चोरासाठी दिवा आणि शेवंतीसाठी रात्र, दोघांची सोय. सहा कुंड्या टोपीच्या सावलीत सरकवल्या, सातवी हलली नाही.

आता मुद्द्याचं, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

डब्याची ती टोपी तुम्ही बसवत होतात त्या रात्री गेटवर कोणी नव्हतं. साडेदहाला एक जण गाडी घेऊन आले, गेट बंद, हॉर्न वाजवून वाजवून दमले आणि मग ग्रुपवर मेसेज, वॉचमन झोपतात, पगार कशाचा देतो आपण. त्याखाली अंगठेच अंगठे. मी तो मेसेज वाचला. तुम्ही माझ्या कुंड्यांसाठी वर आहात हे माहिती असलेली मी एकटी होते आणि मी काही लिहिलं नाही. सकाळी लिहू म्हटलं, सकाळी विषय थंड झालेला, मग कशाला उकरायचं म्हटलं. तुम्हाला ऑफिसमध्ये बोलवून ऐकवलं हे पण मला नंतर कळलं, आणि तुम्ही तिथं माझं नाव घेतलं नाही हे त्याच्याही नंतर. दुसऱ्या दिवशी भेटलात तर तुम्ही शेवंतीचंच विचारलं. मी चहा दिला आणि गप्प बसले. तर आता सगळ्यांसमोर सांगते, मामा त्या रात्री झोपले नव्हते, माझ्या कामासाठी गच्चीवर होते, चूक माझी. माफ करा मामा. हे तेव्हाच लिहायला पाहिजे होतं.

त्यानंतर नवरात्रात तुम्ही स्वतः होऊन घटासाठी तुमच्या वावरातली माती पिशवीत आणून दिलीत, सोबत कागदाच्या पुड्यांत ज्वारी, गहू, करडई, हरभरा, जवस. मी आधी दुकानातनं मिळणारं तयार पाकीट आणायचे. पोरानं ह्या वर्षी रोज सकाळी उठल्या उठल्या घट बघितला, कोणतं आधी उगवलं, कोणतं मागं राहिलं, आणि दसऱ्याला तुम्ही तो तुरा टोपीत खोवला तसा त्यानं पण क्रिकेटच्या कॅपमध्ये खोवला आणि तसाच सोनं वाटायला गेला. सोयाबीनच्या राशी झाल्यावर तुम्ही भुसकटाचं एक पोतं आणलंत कुंड्यांवर पसरायला, जिन्यात सांडलं म्हणून अजून एक मीटिंग झाली, पण ऑक्टोबरच्या उन्हात कुंड्या दिवसाआड पाण्यावर निघाल्या. लिंबाच्या पानावरची ती पक्ष्याच्या शिटेसारखी अळी मी चिमट्यानं काढणार होते, तुम्ही म्हणालात राहू द्या, चार पानं खाईल. चारच्या जागी निम्मं झाड खाल्लं तिनं! पण हिरवी होऊन फुगली, पोरानं पेन्सिल लावली की डोक्यातून लालसर शिंगं काढून घाण वास सोडायची, आणि मग काडीला कोष करून बसली आणि एका सकाळी तिथंच काळं-पिवळं फुलपाखरू पंख वाळवत होतं. शाळेची बस चुकली त्या दिवशी. चुकू दिली.

पार्किंगमधल्या पारिजातकाची फुलं गाडीच्या पत्र्यावर पडताना आवाज येतो असं तुम्ही म्हणायचात, मला ती थापच वाटायची. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवून झाल्यावर मला झोप लागेना, पाचच्या आधी खाली येऊन उभी राहिले. येतो आवाज. अगदी बारका, टप्... टप्, कुत्रं भुंकलं की बुडून जातो. तुम्ही खुर्चीत मफलर गुंडाळून बसला होतात, काही बोलला नाहीत, मी पण नाही.

आता तुम्ही रब्बीच्या पेरणीला म्हणून गावाकडं गेलात ते परत येणार नाही असं कळलं, मुलाला वावरात माणूस लागतोय आणि तुमचा गुडघा पण जिन्यांना कंटाळलाय. बरं केलंत. ज्वारी कशी आहे? इकडं मेथी दोनदा खुडून झाली, धने तुम्ही सांगितलेले तसे चपलेनं रगडून पेरले म्हणून कोथिंबीर ह्या वेळी दाट आली. पिवळ्या पोटाचा धोबी पक्षी टाकीजवळ रोज येऊन शेपटी हलवत बसतो. डब्याच्या टोपीत एका पालीनं घर केलंय. नवीन वॉचमनदादांनी पहिल्याच दिवशी ती टोपी कचरा समजून काढली होती, मी पळत जाऊन परत बसवून घेतली आणि त्यांना त्या सिमेंटच्या कुंडीपाशी नेऊन दाखवलं.

शेवंतीचा बहार संपला की बुडातून काशा, म्हणजे नवे फुटवे, फुटतील, त्यातल्या निम्म्या तुमच्या. पिवळीच्या पण आणि पांढरीच्या पण, ओल्या गोणपाटात बांधून ठेवते. एसटीनं पाठवल्या तर फाट्यावर घ्यायला कोण येईल आणि कोणत्या गाडीनं पाठवू, तेवढं नातीला फोनवर सांगायला लावा. नाहीतर रविवारी मी आणि पोरगं स्वतःच घेऊन येतो, त्याला तो पोल बघायचाय.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई