४.१ च्या पुढचे अधिक-उणे कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला हीट पंपावरचा, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्रावरचा, लेख वाचला. 'सीओपी ४.१', म्हणजे एका युनिट विजेत चार युनिटांहून जास्त उष्णता, हे लेखकाने तीनदा लिहिले. मोजले कसे, हे एकदाही नाही. आमच्या उद्यमनगरात नवा पोरगासुद्धा जाडी मोजायचा व्हर्नियर हातात घेतला की आधी लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान माप, बघतो.

माझ्या गच्चीवर असाच २०० लिटरचा पंप आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, तुम्ही छापणारही नाही. तपासायला आलेल्या साहेबांनी आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाइपवर एकेक थर्मामीटर बांधला. फरक आला ५ अंश. दोन्ही थर्मामीटर अर्धा अंश पुढे-मागे दाखवणार, हे त्यांच्याच डब्यावर छापलेले. दोन्ही चुका उलट्या दिशेला पडल्या तर ५ अंशांत १ अंश, म्हणजे २० टक्के! दोन्ही चुकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले, तरी १४ टक्के राहतातच. पाण्याचा प्रवाह तर मोजलाच नाही, मोटारीच्या पाटीवरचा आकडा उचलला. आणि अहवालात काय, ४.१२! गुजरीत सोने तोलल्यासारखी दशांशानंतर दोन घरे. नाद खुळा! वेळ पुन्हा एप्रिलातली भर दुपारची. बाहेरची हवा गरम असली की हा पंप आपोआप हुशार होतो. "जानेवारीत पहाटे या, आंघोळी तेव्हा असतात," म्हटले तर साहेब नुसते हसले.

साधी गोष्ट आहे. टाकीत २०० लिटर मोजून भरा, २५ वरून ५५ अंशांवर न्या, तळाचे गार पाणी वरच्यात मिसळू द्या आणि एकाच थर्मामीटरने दोन्ही वेळा बघा. त्याची कायमची चूक वजाबाकीत निघून जाते, आणि उरलीसुरली १ अंशाची धरली तरी ३० अंशांत ती ३ टक्क्यांच्या आसपास. पाण्यात सुमारे ७ युनिट उष्णता गेलेली असते. माझ्या मीटरवर २ युनिटांच्या थोडे वर पडले. म्हणजे साडेतीनच्या जरा खालीच. गीझरपेक्षा कितीतरी बरा, पंपाबद्दल तक्रार नाही. पण ४.१२ बघून पैसे मोजले होते, त्याचे काय?

जाता जाता, माझ्या मागच्या पत्रात आपण ०.५ चे ५ छापले होते. खुलासा अजून आलेला नाही. या पत्रातली टिंबे तरी जागेवर राहू द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर