नाव न सांगता मदत करणाऱ्यांचे आभार

विडी व सिगार कामगार अधिनियम, 1966 या विषयावरील माझा एलएल.एम.चा प्रबंध गेल्या आठवड्यात सादर झाला. त्याच्या आभारपत्रिकेत ज्यांची नावे येऊ शकली नाहीत, त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

घरी पाने व तंबाखू आणून विड्या वळणारी स्त्रीही या कायद्याच्या व्याख्येनुसार कामगारच ठरत असे, आणि मालकाने तिच्या विड्या खराब म्हणून बाद करण्यावरून वाद झाल्यास कलम 39 त्यावर दाद मागण्याची सोय देत असे (2025 मध्ये नवी श्रमसंहिता लागू होऊन हा कायदा रद्द झाला). हे मी पुस्तकातून शिकलो होतो. परंतु सोलापूरच्या पूर्व भागातील एका ओसरीवर, मांडीवरच्या सुपातून नजर न उचलता, बाद केलेल्या विड्यांचा हिशेब मला तोंडी समजावणाऱ्या मावशींनी त्या कलमाचा खरा अर्थ दाखवला. ‘नाव लिहू नका, उद्या पान मिळायचं नाही,’ एवढीच त्यांची अट होती. माझे तिसरे प्रकरण त्या वाक्यामुळे मला पुन्हा लिहावे लागले, आणि ते आधीपेक्षा बरे झाले, असे मला वाटते.

त्यांचे तेलुगू बोलणे मराठीत सांगणारी त्यांची शाळकरी नात, या कायद्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 1974 चा मंगलोर गणेश बिडी वर्क्स निवाडा शोधून देणारे ग्रंथालयातील काका आणि शेवटच्या रात्री दुकान उघडे ठेवून प्रती बांधून देणारे झेरॉक्सवाले (पैसेही त्यांनी नंतर घेतले) या सर्वांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे. मावशींना प्रबंधाची प्रत नेऊन देणार आहे. वाचून नात दाखवील.